पेशकारांची खोली

लेखक व्हायचं असेल तर घरात एक जुनी खोली लागते, हे मला आमच्या शेजारच्या वैजीनाथरावांनी सांगितलं. सोनपेठात न विचारता सांगायचं खातं त्यांच्याकडेच आहे. निजामाच्या राज्यात ते करोडगिरीच्या नाक्यावर होते. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या गाड्या अडवायच्या आणि पोत्यात हात घालून बघायचं, हे काम. राज्य गेलं, नाका उठला, पण अडवायची सवय काही उठली नाही. आता ते ओट्यावर बसतात आणि जाणाऱ्याच्या डोक्यात हात घालून बघतात.

माझी अडचण साधी होती. मी उर्दूचा मास्तर. छप्पन साली आम्ही मुंबई राज्यात गेलो आणि आमच्या शाळेतून उर्दू गेली. उर्दू गेली, पण मास्तर मागं राहिला. आता ह्याचं करायचं काय, असा सरकारला प्रश्न पडला. नवे हेडमास्तर पुण्याकडचे. त्यांनी विचार करून माझ्या हातात टकळी दिली. म्हणजे ज्या हातानं मी पोरांकडून शेर पाठ करून घ्यायचो, त्या हातानं आता सूत कातून घ्यायचं. पोरंही अशी, की सूत कमी आणि गुंता जास्त. गुंता सोडवायचं काम अर्थातच माझं.

मला मराठी शिकवू द्या, असं मी हेडमास्तरांना सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, तुमच्या मराठीला हैदराबादचा वास येतो. गोदावरी आमच्यापासून थोड्या कोसांवर. तिच्या काठावर मराठी रांगायला शिकली, आणि वास म्हणे आमच्या मराठीला. मला इतका राग आला की मी तिथंच ठरवलं, आता मराठीत छापून येऊन दाखवायचं. छापलेल्या अक्षराला वास नसतो.

ही गोष्ट मी वैजीनाथरावांना सांगायला नको होती. पण त्यांच्या ओट्यावरूनच आमच्या घराची वाट आहे. त्यांनी माझी सगळी झडती घेतली आणि सल्ला दिला. निसर्गावर लिहू नका, आपल्याकडे तो नाही. प्रेमावर लिहू नका, तुमचं वय झालं आणि नर्मदावहिनी वाचतात. आठवणी लिहा. आठवणी तपासायला नाका नसतो. आणि आण्णांची ती खोली बंद पडलीय की, जुन्या सामानानं भरलेली. तिथं बसा. एकेक वस्तू पुढ्यात घ्या, म्हणजे आपोआप सुचतं.

आण्णा म्हणजे माझे वडील, व्यंकटराव पेशकार. तहसील कचेरीत पेशकार होते. जन्मभर दुसऱ्याचे कागद साहेबापुढं ठेवले, पण कुणाचा कागद खालीवर केला असं कुणी म्हणू शकलं नाही. त्यांच्याजवळ मी फार राहिलोच नाही. दहाव्या वर्षी मला शिकायला हैदराबादला मामाकडे पाठवलं, ते मी तिकडचाच झालो. अठ्ठेचाळीस साली रझाकारांची धामधूम उसळली तेव्हा मी हैदराबादेत अडकलेला, नर्मदा वऱ्हाडात माहेरी, आणि आण्णा एकटे इथं. सगळं निवळल्यावर आम्ही आलो तर आण्णांना लकवा झालेला. वाचा गेलेली. ते सारखं त्या ओसरीलगतच्या खोलीकडे हात करायचे आणि घशातून आवाज काढायचे. आम्हाला वाटलं, त्या खोलीत झोपायचं म्हणतात. आम्ही सामान सारून खाट तिकडे नेली. तर ते जास्तच आवाज काढायला लागले. आम्हाला वाटलं, बरं वाटायलं. त्यातच ते गेले. मग आम्ही खोलीला कुलूप घातलं.

ते कुलूप मी लेखक होण्यासाठी काढलं. आत काय नव्हतं? झोपाळ्याच्या पितळी कड्या, भलंमोठं तांब्याचं घंगाळ, टोले देणारं घड्याळ, म्यानातली तलवार, समया, परात, हंडे, एक लाकडी घोडा. घरात पूर्वी काय होतं आणि काय नव्हतं, हे मला धड माहीतच नव्हतं. लेखकाला ही फार सोयीची गोष्ट असते. आजोबांच्या वाटणीतून आलं असेल, असं मी समजून चाललो. नर्मदा म्हणाली, तुमच्या घरात झोपाळा होता हे कधी ऐकलं नाही बाई. मी तिला म्हणालो, तू लोणच्याचं बघ. तिनं खरंच त्या खोलीच्या कोपऱ्यात कैरीच्या लोणच्याची बरणी आणून ठेवली, कारण ती खोली गार होती. साहित्य आणि लोणचं, दोन्ही तिथं मुरायला लागलं.

कड्या पुढ्यात घेतल्या आणि काय सांगू, भडाभडा सुचायला लागलं. लहानपणी मी त्या झोपाळ्यावर बसलोय, आजोबा पायानं झोका देतायत, कड्या करकरतायत, असं सगळं मला दिसलं. दिसलं म्हणजे अगदी कपड्यांच्या रंगासकट. परभणीहून एक साप्ताहिक निघायचं, शनिवारी निघून मंगळवारी आमच्याकडे पोचणारं. त्यात ते छापून आलं. मग घंगाळावर लिहिलं, की आजी मला त्यात बसवून न्हाऊ घालायची आणि पाण्यात निंबाचा पाला टाकायची. तलवार म्यानातून निघेना. मी ओढली, वैजीनाथरावांनी ओढली, निघाली नाही. ते मी आमच्या पूर्वजांच्या संयमावर घेतलं. संपादकांनी 'आमच्या खोलीतल्या वस्तू' अशी लेखमालाच सुरू केली. हेडमास्तर एक दिवस व्हरांड्यात थांबून म्हणाले, वाचलं. नुसतं वाचलं म्हणाले, पण टकळी हातात असतानाही मी त्या दिवशी ताठ चाललो.

मग राधाकिशन आला. त्याचं बाजारात कापडाचं दुकान. अंक हातात, डोळ्यांत पाणी. मी नर्मदेला चहा टाकायला सांगितला. माझं लिखाण वाचून रडलेला हा पहिलाच वाचक. त्यानं बशीत ओतून चहा घेतला, तोंड पुसलं, आणि म्हणाला, "मास्तर, लय भारी लिवलंय. आमच्या बापाची याद आली. त्या कड्या आमच्या हायेत."

मला आधी वाटलं, हा रसिकतेचा कुठला तरी प्रकार आहे. वाचकाला वस्तू आपलीच वाटते म्हणतात, तसा. पण त्यानं कडीच्या आतल्या बाजूला त्याच्या आजोबाच्या नावाची अक्षरं दाखवली. मग सगळं सांगितलं. त्या साली गल्ल्याच्या गल्ल्या गाव सोडून वऱ्हाडात निघून गेल्या. बायका, पोरं, अंगावरचं किडूकमिडूक घेऊन गेल्या. जड सामान न्यायचं कुठं? पेशकार निजामाचे नोकर, त्यांच्या घराची झडती व्हायची नाही. लोकांनी आणून आण्णांच्या खोलीत ठेवलं. आण्णांनी नाही म्हटलं नाही. लिहून मात्र काही ठेवलं नाही, कारण आमच्याकडे ठेवीची पावती मागणं म्हणजे ठेवून घेणाऱ्याच्या तोंडावर थुंकणं. दस्तुराचा दुसरा अर्धा भाग असा, की ठेव मागायला जायचं नसतं. ज्याच्याकडे ठेवली त्यानं हातानं आणून द्यायची. छापून आलं म्हणून राधाकिशन आला, नाहीतर तोही आला नसता.

म्हणजे इतकी वर्षं गाव वाट बघत होतं. समोर भेटला की प्रत्येक जण आण्णांचं नाव निघताच हात जोडायचा. मनात काय म्हणायचा ते त्यालाच ठाऊक. सांगणारे आण्णा वाचा जाऊन गेले, आणि त्यांच्या लेकानं कुलूप लावून टाकलं. तरी गावानं अब्रू झाकली. आणि मी काय केलं, तर लोकांची ठेव ही आमच्या बापजाद्यांची म्हणून परभणीत छापून आणली, तेही क्रमशः.

मी कड्या दिल्या. देणं भागच होतं. राधाकिशन पाया पडला आणि जाताना सहज म्हणाला, झोपाळा आमच्याकडे फक्त बायका वापरायच्या. आमच्या आजोबाला झोका घेतला की ओकारी यायची.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या दारात बाजार भरला. चतुराबाई घंगाळ न्यायला आल्या. त्यांनी आजीच्या न्हाऊ घालण्याचा मजकूर कुणाकडून तरी वाचून घेतला होता. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. एवढंच म्हणाल्या, की ह्यात आमी म्हशीची सरकी भिजवायचो. नर्मदा आत जाऊन हसली ते मला भिंतीतून ऐकू आलं. तलवार न्यायला गावच्या नाटक मंडळीचे लोक आले. ती म्यानातून निघत नव्हती, कारण ती आणि म्यान एकाच लाकडातून कोरलेली होती. वैजीनाथरावांनी ओट्यावरून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की मास्तरांना मी पहिल्यापासून म्हणत होतो, तपासून लिहा.

माणूस चूक झाली म्हणून मुकाट्यानं परत देत असेल तर लोकांना ते पटत नाही. ह्यात काहीतरी असणार, असं वाटतं. आमच्यावर कुणीतरी निनावी अर्ज केला. ठाण्याचे फौजदार साताऱ्याकडचे, नवीन आलेले. त्यांना ना रझाकार माहीत, ना पेशकार. खोलीत बेवारशी माल सापडला, एवढं त्यांना कळलं. त्यांनी खोलीला लाखेचं सील ठोकलं. आत माझा कागद, माझी दौत, शाळेत घालायचा एकुलता एक कोट, आणि नर्मदेची बरणी. लोणचं रोज हलवावं लागायचं. ती फौजदारांना म्हणाली, बरणी तेवढी द्या. ते म्हणाले, मुद्देमालाला हात लावता येत नाही. मी पंचवीस जणांसमोर अपमान गिळला असेन, पण घरी पानात लोणचं नाही आणि समोर बायको गप्प, हा अपमान गिळायला अवघड असतो.

सील काढून मिळावं म्हणून मी तहसिलीत खेटे घातले. जिथं आण्णांनी उमर घालवली, त्या कचेरीत मला कुणी बस म्हटलं नाही. नव्या कारकुनानं मला प्रश्न टाकला. माल तुमचा असेल तर तुम्ही लोकांना वाटला का? आणि तुमचा नसेल तर सील काढायला अर्ज करणारे तुम्ही कोण? मी म्हणालो, लोणचं माझं आहे. तो म्हणाला, मग लोणच्यापुरता वेगळा अर्ज करा. मी केला. तो अर्ज अन्नधान्याच्या टेबलाला गेला आणि तिथून परत आला नाही.

शेवटी राधाकिशन, वैजीनाथराव आणि आणखी दोघे असे पंच नेमून फौजदारांनी त्यांच्यासमोर सील काढलं. ज्याचं त्याला दिलं. लोणच्याला बुरशी आली होती, ते उकिरड्यावर गेलं. खोली रिकामी झाली. मी कोट झटकून घातला तेव्हा कोनाड्यात एक वस्तू तेवढी राहिलेली दिसली. तो आण्णांचा पानाचा डबा.

हा मात्र आमचा होता. ह्याबद्दल मला शंका नव्हती आणि नाही. मी हैदराबादला जायच्या आधीच्या वर्षी आण्णा मला परभणीच्या उरसाला घेऊन गेले होते. तिथं एका मुरादाबादी भांडेवाल्याकडून त्यांनी हा डबा घेतला. झाकण सैल होतं. भांडेवाला दुसरा देतो म्हणाला, तर आण्णा म्हणाले, असू दे, सैल झाकणाचा डबा मालकाला कंजूष होऊ देत नाही. परत येताना बैलगाडीत मी डब्यावर डोकं ठेवून झोपलो. उठलो तर झाकणावरची वेलबुट्टी गालावर उमटलेली. आण्णा गाडी हाकत होते. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि हसले. मोठ्यानं, गाडीचे बैल बुजावेत असे हसले. ते मी त्यांना एवढंच एकदा हसताना पाहिलं. त्यांची माझ्याजवळ असलेली खरी आठवण ही एवढी एक. ह्यावर मी लेख लिहिला नव्हता. का लिहिला नव्हता, ते मलाही सांगता येत नाही. बाकीचं भडाभडा सुचायचं, हे सुचावं लागत नव्हतं म्हणून असेल.

पंच उठणार तेवढ्यात नदीकाठच्या एका खेड्यातून धुरपदाबाई नावाची म्हातारी आली. तिचं घर त्या साली जळालं होतं. नवरा सामान ठेवून येतो म्हणून सोनपेठला गेला आणि वाटेतच नाहीसा झाला. आज गावात ठेवी वाटायलेत असं ऐकून ती चालत आली होती. रिकाम्या खोलीत तिनं नजर फिरवली आणि डबा उचलून पदरात घेतला. ह्येच ठेवायला आलते आमचे मालक, म्हणाली.

मी तिला समजावलं. मग पंचांना समजावलं. उरूस सांगितला, भांडेवाला सांगितला, सैल झाकण सांगितलं. गाडी, गाल, आण्णांचं हसणं, सगळं सांगितलं. म्हातारी माझ्या तोंडाकडे टक लावून ऐकत होती. मग राधाकिशननं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मास्तर, घंगाळाच्या टायमाला बी तुमी असंच सांगितलंतं. आजीनं टाकलेला निंबाचा पाला आमाला सुदिक दिसला होता."

मी म्हणालो, "ते खोटं होतं. हे खरं आहे."

"असंल," तो म्हणाला. "पन आता कसं कळायचं?"

त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. ती असती तर मी भांडलो असतो. मी नर्मदेकडे बघितलं. मला वाटलं, ही तरी म्हणेल. ती म्हणाली, अहो, द्या. त्या बाईकडे काहीच नाही. माझ्याकडे काय आहे, हे तिनं विचारलं नाही. मी दिला. मोठ्या मनानं दिला असं गावात म्हणतात, ते खोटं आहे. माझ्यावर कुणाचा विश्वास उरला नव्हता म्हणून दिला, आणि देताना मला त्या म्हातारीचा राग आला होता. नवरा गेलेल्या, घर जळालेल्या बाईचा राग.

पुढं काही आठवड्यांनी मी बाजाराच्या दिवशी राधाकिशनच्या दुकानावरून चाललो होतो. पायऱ्यांवर गर्दी. मधे धुरपदाबाई बसलेली, मांडीवर डबा. ती लोकांना पान देत होती आणि सांगत होती. तिचे मालक तिला लग्नानंतर पहिल्यांदा परभणीच्या उरसाला घेऊन गेले. मुरादाबादी भांडेवाला होता. झाकण सैल हाय म्हणून ती नको म्हणाली, तर मालक म्हणाले, ऱ्हाऊ दे, सैल झाकनानं हात सैल ऱ्हातो. येताना गाडीत तिला डब्यावर झोप लागली आणि गालावर वेल उमटली. मालकांनी मागं वळून बघितलं आणि असे हसले की बैल बुजून गाडी बांधावर चढली. गाडी बांधावर चढली हे तिचं स्वतःचं. तिथं सगळे हसले, दोन बायकांनी डोळे पुसले.

मला ओरडून सांगावंसं वाटलं की चोर आहे ही, माझा बाप घेऊन चालली. पण तिच्याकडे बघितलं आणि कळलं, ती खोटं बोलत नव्हती. तिला ते दिसत होतं, कपड्यांच्या रंगासकट. तिनं मला बघितलं, हातानं बोलावलं, पान लावून दिलं.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमी लिवता म्हनं. आमच्या मालकावर बी लिवा की. त्येंच्यामागं त्येंचं नाव घ्यायला कोन न्हाई."

घरी येऊन मी रागानं लिहायला बसलो. लेखमालेचा शेवटचा लेख संपादकांना द्यायचाच होता. खरं काय ते लिहावं म्हणून सुरुवात केली, पण खरं लिहिलं तर वाचणारा कोण? पेशकारांच्या पोरानं पुन्हा सुरू केलं, असंच म्हणणार. म्हणून तिचं लिहिलं. तिच्या मालकांचं नाव घालून, उरूस, सैल झाकण, बांधावर चढलेली गाडी, सगळं. छापून आलं.

मंगळवारी अंक आला आणि बुधवारी हेडमास्तरांनी मला बोलावून खुर्ची दिली. म्हणाले, आधीचे लेख मी वाचले होते, त्यात सगळं रचलेलं वाटायचं. हे मात्र खरं आहे. असं कुणाला सुचत नाही, हे घडावंच लागतं. सोमवारपासून पाचवीचं मराठी तुम्ही घ्या. मी आभार मानले. टकळ्या मोजून परत दिल्या.

आता मी मराठीचा मास्तर आहे. पोरं बऱ्यापैकी शिकतात, निबंधात आठवणी लिहितात, मी त्या तपासतो. आण्णांची खोली तशीच रिकामी आहे. नर्मदा तिथं पुन्हा लोणचं ठेवायला लागली आहे. माघात उरसाला जाणाऱ्या गाड्या दारावरून निघाल्या की मी ओसरीवर जाऊन बसतो आणि डोळे मिटतो. गाडी दिसते, डबा दिसतो, गालाला झाकण टोचतं, हसणंही ऐकू येतं. मग गाडीवाला मान वळवतो. आण्णांना मुंडासं बांधलेलं मी कधी पाहिलं नाही, आणि हा मुंडासं बांधलेला, मिशाळ, मी जन्मात न बघितलेला धुरपदाबाईचा नवरा माझ्याकडे बघून हसत असतो.